मारल्यावर वाढणारा शत्रू आणि त्याचा खुराक

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कोल्हापुरात घडणारी अद्भुत कादंबरी लिहिताय. महापूर ओसरल्यावर पंचगंगेकाठच्या गाळातून एक प्राणी उठतो, त्याचं नाव गाळ्या. त्याला मारलं की तो वाढतो. शिवाजी पेठेतल्या एका तालमीतला रंगा नावाचा पोरगा त्याला भिडतो. दहा प्रकरणं सुसाट झाली आणि अकराव्यात गाडी रुतली, कारण गाळ्या आता इतका मोठा झालाय की त्याला आवरायचं कसं हे तुम्हालाच सुचेना. मग जोतिबाच्या डोंगरावरून एक साधू उतरला, त्याने मंत्रवलेला भाला दिला, रंगाने तो फेकला, गाळ्या मेला. ज्यांना वाचायला दिलंत ते मित्र म्हणाले, शेवट फसवा आहे. आता तुम्ही विचारताय की माराने बळ घेणारा शत्रू शेवटी हरावा कसा, आणि ते वाचकाला पटावं कसं.

मित्र बरोबर बोलले, पण दोष साधूचा नाही. गोष्टीत साधू, फकीर, जख्खड म्हातारी, बोलका पोपट, सगळं चालतं. खटकतो तो भाला. दहा प्रकरणं तुम्ही सांगत आलात की याला ठोसा मारा, पहार घाला, जेसीबी चालवा, हा फुगतो. मग भाला हाही मारच की! तो खाऊन गाळ्या का फुगला नाही? ‘मंत्रवलेला होता’ म्हणजे स्वतः घातलेला नियम तुम्ही स्वतःच गुपचूप बाजूला ठेवलात. वाचकाने दहा प्रकरणं तो नियम डोक्यात धरून ठेवलेला असतो. त्याला राग येतो तो याचा.

मी बालनाट्यं, एकांकिका आणि अलीकडे मोबाइलवरच्या काही गेमसाठी कथा लिहीत आलोय. इथे कोल्हापुरात लेखनाची शिबिरंही घेतो. असा शत्रू नव्या लेखकांना फार आवडतो आणि जवळजवळ सगळे त्याच्यापायी एकाच जागी अडकतात. तो काय खातो हे त्यांनी ठरवलेलंच नसतं. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद आधी त्याचा खुराक विचारतात. दूध किती, बदाम किती, तूप कुठलं. गाळ्यालाही तेच विचारा. ‘मार खातो’ हे उत्तर फार ढोबळ झालं. एका ठोशात कितीतरी गोष्टी असतात: धक्का, दाब, आवाज, ऊब, सांडलेलं रक्त, मारणाऱ्याचा संताप, बघ्यांची आरोळी. यातली नेमकी एक गोष्ट त्याचा खुराक असते, बाकीच्या नाहीत. वाचकाला हे सातव्या प्रकरणात कळलं तरी चालेल. तुम्हाला पहिल्या पानाआधी माहीत हवं.

आपल्याकडचं सर्वांत चोख उदाहरण रक्तबीजाचं. नवरात्रात घरोघरी सप्तशतीचा पाठ होतो, त्यामुळे गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. पण एकदा लेखकाच्या नजरेने आठवा अध्याय बघा. रक्तबीज रणात उतरतो त्याच क्षणी नियम सांगून टाकलाय: याच्या अंगातला रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून त्याच्याच मापाचा, त्याच्याच ताकदीचा दुसरा असुर उठतो. मग ऐंद्री वज्र मारते, वैष्णवी चक्र, कौमारी शक्ती, वाराही तलवार, माहेश्वरी त्रिशूळ. हत्यारं एकाहून एक भारी, आणि जितकं भारी हत्यार तितकं जास्त रक्त. सगळं जग असुरांनी भरून जातं, देव घाबरतात. इथे चंडिका काय करते? ती मारणं थांबवत नाही. ती चामुंडेला तोंड पसरायला सांगते. मी मारते, तू पडणारं रक्त वरच्यावर पी, आणि जे त्यातून उपजले असतील त्यांनाही खा. मग शूल, वज्र, बाण, तलवार, सगळं चालतं आणि रक्तबीज रक्त आटून कोसळतो.

नियमात एक शब्द आधीपासून होता: जमिनीवर. आपण ऐकताना तो सोडून देतो, कारण लक्ष ‘रक्त’ आणि ‘दुसरा असुर’ यांच्याकडे असतं. उपाय त्या सोडून दिलेल्या शब्दातच होता. नवं हत्यार आलं नाही, नवा देव आला नाही, नियम मोडला नाही. जखम आणि जमीन यांच्यामधली वाट तेवढी अडवली. तुमच्या शेवटाला हेच हवंय.

(मत्स्यपुराणात अंधकासुराचीही अशीच कथा आहे, त्याच्याही रक्तातून अंधक उठतात आणि ते प्यायला मातृका निर्माण कराव्या लागतात. वेरूळला शिवाने अंधकाला त्रिशुळावर उचलून धरल्याचं शिल्प आहे. गेलात तर बघा. उचलून धरलंय, हे महत्त्वाचं.)

ग्रीकांकडे हायड्रा नावाचा अनेक डोक्यांचा सर्प आहे. एक डोकं छाटलं की दोन येतात. त्याला मारायला निघालेला वीर हेराक्लीझ एकटा छाटत बसला असता तर जन्म गेला असता. त्याचा पुतण्या आयोलाउस मशालीने तुटलेल्या मानेचं तोंड लगेच डागत गेला. उरलेलं एक अमर डोकं मोठ्या खडकाखाली पुरलं. रक्तबीजासारखंच हेही दोघांचं काम: एकाने मारायचं, दुसऱ्याने वाढीची वाट बंद करायची. पण मला या कथेतला खरा आवडता भाग पुढचा आहे. ज्याच्या हुकमावरून हेराक्लीझ ही कामं करत होता तो राजा युरिस्थियस म्हणाला, पुतण्याची मदत घेतलीस, हे काम मी धरत नाही. राक्षस मेला आणि तरी हिशेबात आला नाही! असली खोच गोष्टीला माणसांत आणते. तुमच्याकडे ती जागा रिकामीच आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

अशा शत्रूची दुसरी जात वेगळी आहे, आणि रंगासाठी जास्त कामाची. द्रोणपर्वात द्रोणाचार्य पडल्यावर अश्वत्थामा नारायणास्त्र सोडतो. त्याला जो विरोध करेल त्याच्यावर ते अधिक पेटून येतं. कृष्ण ओरडून सांगतो, शस्त्रं खाली टाका, रथांवरून, हत्तींवरून उतरा. सगळं सैन्य उतरतं. एकटा भीम उतरत नाही. तो म्हणतो, मी आहे ना, आणि गदा घेऊन पुढे जातो. मग सगळ्या सैन्यावर पसरलेलं ते अस्त्र एकट्या भीमावर येऊन पडतं. अर्जुन वारुणास्त्राने त्याला झाकू बघतो, तेवढ्याने भागत नाही. शेवटी कृष्ण आणि अर्जुन त्या आगीत शिरतात, भीमाच्या हातातली शस्त्रं हिसकावतात आणि त्याला रथावरून अक्षरशः ओढून खाली घेतात.

काय प्रसंग आहे! जगातला सगळ्यात बळकट माणूस, आणि त्याला वाचवायचं तर त्याच्या हातून गदा काढून घ्यावी लागते. पुढे दुर्योधन म्हणतो, पुन्हा सोड. अश्वत्थामा म्हणतो, ते दुसऱ्यांदा सोडता येत नाही, सोडणाऱ्यावरच उलटतं. अस्त्र भयंकर आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. अमर्याद शत्रू लिहिणाऱ्यांनी एवढा प्रसंग दहा वेळा वाचावा.

रंगा हा भीम आहे. त्याच्याकडे ताकद आहे, डाव आहेत, शड्डू ठोकला की पेठ गोळा होते. असा शत्रू त्याच्यासमोर का ठेवायचा? कारण तो रंगाला जे सगळ्यात चांगलं येतं तेच त्याच्या हातून काढून घेतो. दुबळ्या नायकासमोर हा शत्रू वाया जातो. तसल्या नायकाला कुणीही हरवलंच असतं.

पालीत, संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात एक छोटी कथा आहे, तीही इथे सांगतो. एक बुटका, कुरूप यक्ष येऊन शक्राच्या, म्हणजे इंद्राच्या, आसनावर बसतो. तेहतीस देव चिडतात, कुरकुरतात, आणि ते जसजसे चिडतात तसतसा यक्ष देखणा, उजळ होत जातो. देव जाऊन शक्राला सांगतात की हा क्रोध खाणारा दिसतो. शक्र येतो, उपरणं एका खांद्यावर घेतो, उजवा गुडघा जमिनीला टेकतो, हात जोडतो आणि तीन वेळा आपलं नाव सांगतो: महाराज, मी देवांचा राजा शक्र. दर वेळी यक्ष अधिक कुरूप, अधिक बुटका होतो आणि शेवटी नाहीसा होतो. खुराक काय, हे देवांनीच आधी ओळखलंय. शक्राने फक्त तो बंद केला. आणि ते दाखवायला भाषण नाही, एक गुडघा आहे.

पण सावध राहा. ही कथा वाचली की नव्या लेखकाला वाटतं, सापडलं, गाळ्या म्हणजे रंगाचाच राग! मग बाराव्या प्रकरणात रंगा डोळे मिटून शांत होतो आणि राक्षस विरघळतो. नको. असे इतके राक्षस विरघळून झालेत की वाचकाला दुसऱ्या प्रकरणातच वास येतो. गाळ्याला गाळच राहू द्या. त्यात कुणाला राग दिसला तर तो त्याचा प्रश्न.

वाली पटकन आटोपतो. समोर येणाऱ्याचं अर्धं बळ त्याला मिळतं, असं लोकपरंपरेत सांगतात. म्हणजे समोरासमोर हरवणं शक्यच नाही, म्हणून बाण झाडाआडून येतो आणि त्या बाणाबद्दल लोक आजतागायत भांडताहेत. उपायावर डाग राहिला की गोष्ट जास्त जगते. सुरसेचंही तसंच पटकन: हनुमान वाढतो तसं तिचं तोंड वाढतं, तर तो अंगठ्याएवढा होऊन आत शिरतो आणि बाहेर येतो. रावणाची डोकी मात्र तुम्ही आधार म्हणून घेऊ नका. राम छाटत जातो, डोकी उगवत जातात, शेवटी सारथी मातली ब्रह्मास्त्राची आठवण करून देतो. तुमचा साधू आणि भाला तिथूनच आले असणार. वाल्मीकींना ते शोभतं, कारण तिथे श्रोत्याला रावण मरणार हे जन्मापासून माहीत असतं. कोड्याचं उत्तर ऐकायला तो बसलेला नसतो. तुमचा वाचक नेमका त्यासाठीच बसलाय.

आता तुमच्या वाढीच्या हिशेबाकडे येतो, कारण तिथे घोटाळा आहे. तुम्ही दर ठोशाला लिहिता, ‘गाळ्या दुप्पट झाला.’ सहा फुटांचा गाळ्या दहा वेळा दुप्पट झाला तर १०२४ पट होतो, म्हणजे ६१४४ फूट. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, साधारण ५४०० फूट. म्हणजे दहाव्या ठोशाला गाळ्या कळसूबाईच्या वर गेला. आणि तुमच्या पाचव्या प्रकरणात चार ठोसे खाऊन झालेला हाच गाळ्या, म्हणजे ९६ फुटांचा, वाकून तालमीच्या दारातून आत येतो! वाचक गणित मांडत नाही, पण त्याला कुठेतरी कळतं की इथे आकड्यांना अर्थ नाही, आणि मग त्याला भीती वाटत नाही. ‘दुप्पट’, ‘चौपट’, ‘शतपट’ हे शब्द काढूनच टाका.

त्याऐवजी वाचकाच्या ओळखीची फूटपट्टी द्या. कोल्हापूरकराला ती शोधावी लागत नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ ला ती ५० च्याही वर गेली होती. गाळ्याची उंची त्याच आकड्यांत मोजा. ‘गाळ्या एकोणचाळीसला गेला’ असं कुणीतरी चहाच्या गाड्यावर म्हणू द्या. बाहेरच्या वाचकाला दोन ओळींत समजावता येईल, आणि गावातल्या वाचकाच्या पोटात मात्र गोळा येईल. शिवाय ३९ आणि ४३ मध्ये चारच फूट आहेत, म्हणजे तुम्हाला वाढ हळू ठेवावीच लागेल. तीच तुमच्या फायद्याची.

गेम बनवणारे हे लवकर शिकतात, कारण तिथे वाढ आवरली नाही तर खेळणारा मोबाइल ठेवून देतो. १९७९ सालचा अॅस्टरॉइड्स आठवा: मोठा दगड फोडला की दोन मध्यम, मध्यम फोडला की दोन लहान, लहान फोडला की संपला. म्हणजे एका मोठ्या दगडाला सात गोळ्या. प्रत्येक गोळीने धोका वाढतोय, तुकडे जास्त होताहेत, आणि तरी शेवट डोळ्यांसमोर आहे. उलट टोकाला झेल्डा या गेममधल्या कोंबड्या. उगीच मारत राहिलात तर सगळा थवा अंगावर येतो आणि त्या मरत नाहीत. तिथे जिंकणंच नाही, पळायचं आणि पुन्हा कोंबडीच्या वाटेला जायचं नाही. गंमत म्हणून झकास, पण कादंबरीचा शेवट त्यावर उभा राहणार नाही.

आणखी एक अडचण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. मारलं की वाढतो हे एकदा वाचकाला कळलं, की त्यानंतर रंगाने मारलेला प्रत्येक ठोसा रंगाला मूर्ख ठरवतो. तुमच्या मसुद्यात चौथ्या प्रकरणात बंड्या नावाचं पात्र हे मोठ्याने बोलून दाखवतं आणि तरी रंगा दहाव्यापर्यंत मारतोच आहे. वाचक पुस्तकात हात घालून त्याला कानफटवायला बघेल. प्रत्येक ठोशाला वेगळं कारण हवं. पहिला अज्ञानातून. दुसरा नाइलाजाने: गाळ्याने पोर धरलंय, सोडवायचं तर मारावंच लागेल, आणि आपण काय करतोय हे रंगाला माहीत आहे. हा सगळ्यात दुखरा ठोसा, इथे दोन पानं द्या. तिसरा मानापायी, चारचौघांसमोर. त्यापुढे रंगाने मारूच नये, दुसऱ्यांनी मारावं: जेसीबीवाला, बंदोबस्तातले पोलीस, गच्चीवरून दगड टाकणारी पोरं. रंगाला माहीत आहे आणि त्याचं कुणी ऐकत नाही. ‘आरं मारू नगासा!’ असं तो ओरडतोय आणि लोकांना वाटतंय, पैलवान भ्याला.

आता गाळ्याचा खुराक. मला सुचतो तो सांगतो, पटला तर घ्या. गाळ्याने दाब खावा. ओला गाळ दाबला की घट्ट होतो. तुमच्या गोष्टीत एवढं वाढवा की घट्ट झालेला गाळ आजूबाजूचा सैल गाळ ओढून घेतो. ठोसा, लाथ, दगड, जेसीबीचं चाक, सगळ्यात दाब आहे. पण खोऱ्याने उचलण्यात नाही. खोऱ्याच्या पाठीने थोपटलं तर गाळ्या वाढतो, धारेने उकरलं तर नाही. एकच अवजार, दोन बाजू. रक्तबीजाच्या गोष्टीतल्या ‘जमिनीवर’सारखी ही तुमची सोडून दिलेली जागा.

आणि ती तुमच्या मसुद्यात आधीच आहे! दुसऱ्या प्रकरणात वस्ताद रंगाला रोज पहाटे आखाड्याची माती उकरायला लावतात. तुम्ही ते वातावरण म्हणून घातलंत: तांबडी माती, तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल. रंगा वैतागतो, ‘कुस्ती शिकायला आलोय का माती खणायला?’ वस्ताद सांगत नाहीत, पण कारण आपल्याला माहीत आहे. दिवसभर पोरं आपटून माती बसते, दगडासारखी होते, मग हाडं मोडतात. म्हणून रोज उकरायची, रोज भुसभुशीत करायची. तालमीतलं सगळ्यात कमी प्रतीचं काम, आणि नेमकं गाळ्यावरचं औषध. तुम्हाला फक्त एवढं करायचंय की त्या दुसऱ्या प्रकरणात हात घालू नका. तिथे ‘हे पुढे उपयोगी पडणार होतं’ छापाचं एक वाक्यही नको.

मग शेवटी भाला नाही, खोरी येतात. पेठेतल्या बायका, तालमीतली पोरं, पुरात घर गेलेले लोक, सगळे घमेली घेऊन उकरताहेत, वाहताहेत, मळीच्या शेतात पातळ पसरताहेत. पूर ओसरल्यावर गाव जे करतंच, तेच. मारामारी करणाऱ्याला त्यात स्थान नाही. रंगाला आहे, कारण माती कशी उकरायची हे त्याच्याइतकं कुणाला येत नाही.

त्याआधी एक खोटा उपाय घाला. ग्रीकांकडे अँटिअस नावाचा पैलवान आहे, पृथ्वीचा मुलगा. जमिनीला अंग लागलं की त्याचं बळ वाढतं. हेराक्लीझ त्याला उचलून अधांतरी धरतो आणि आवळून मारतो. आपल्या निकाली कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ खलास. अँटिअसला चितपट करणं म्हणजे त्याला खाऊ घालणं. कोल्हापूरच्या मातीत याहून वाईट जोड मिळायची नाही. तुमच्या वाचकांपैकी कुणाला तरी ही गोष्ट माहीत असणार आणि तो वाट बघणार की रंगा गाळ्याला उचलतो कधी. म्हणून रंगाला उचलू द्या. कव घालून, पाय रोवून, पूर्ण ताकदीने. आणि कव म्हणजे दाबच. रंगाच्या मिठीतच गाळ्या टणक होत जातो. वाचकाचा अंदाज एका वाक्यात पडतो आणि खुराक काय ते त्याला त्याच क्षणी, रंगाच्या अर्धा श्वास आधी, कळतं.

लिहिताना वाढ सांगू नका, हाताला लागू द्या. तुमच्या तिसऱ्या प्रकरणातला उतारा असा आहे: ‘रंगाने गाळ्याच्या छातीवर ठोसा मारला. गाळ्या दुप्पट झाला. रंगाने पुन्हा ठोसा मारला. गाळ्या चौपट झाला. सगळे भीतीने थरथरू लागले.’ मी तो असा लिहून बघितला:

‘पहिला दणका बसला तेव्हा रंगाला वाटलं, गेलं. मूठ कोपरापर्यंत आत रुतली होती. ओढून काढली तसं भोक बुजलं. मघाशी गाळ्याचं डोकं खिडकीच्या चौकटीखाली होतं, आता ते पहिल्या गजाला टेकलं.

“वाढला काय रं त्यो?” दारातून बंड्या म्हणाला.

“सरळ उभा ऱ्हायलाय नुसता.”

दुसरा दणका. या खेपेला मूठ मनगटापर्यंतच गेली.

तिसऱ्याला ती गेलीच नाही. बोटांची सालटी निघाली. आणि बाहेरच्या चौकातला चिखल उंबऱ्यावरून आत सरकायला लागला, हळूहळू, कोणी लोटत नसताना.’

यात ‘वाढला’ हा शब्द फक्त बंड्याच्या तोंडी आहे आणि रंगा तो खोडून काढतो. कोपर, मनगट, सालटी. नियम तिथे पूर्ण सांगून झालाय, कुणाच्या लक्षात आलेला नाही. भीतीने थरथरणारे लोक काढले. चिखल आत येतोय, तेवढं पुरे.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे रक्तबीजाची नक्कल वाटेल का. नाही. मार खाऊन वाढणारा शत्रू कुणाच्या मालकीचा नाही, हायड्रा आणि रक्तबीज एकमेकांना न विचारताच जन्मले असावेत. नक्कल तेव्हा होते जेव्हा खुराकही तोच आणि उपायही तोच. तुमचा खुराक वेगळा आहे, आणि खोरं-घमेलं तर फक्त आपलं आहे.

राहिली ती रिकामी जागा. सातव्या प्रकरणात तुम्ही रंगा आणि गाळ्याची कुस्ती खासबाग मैदानात लावलीत. राजर्षी शाहूंनी बांधून घेतलेलं ते मैदान, चहूबाजूंनी प्रेक्षक, हलगीचा कडकडाट. जागा उत्तम निवडलीत. पण तिथे पंचच नाही. कुस्ती आहे, हजारो लोक आहेत आणि निकाल द्यायला कुणी नाही! एक पंच उभा करा, जुना, कडक, रंगाच्या वस्तादांशी न पटणारा. रंगाने कव सोडली, हात मागे घेतले आणि गाळ्याला हात लावायलाच नकार दिला, तर नियमाप्रमाणे पंचाला कुस्ती गाळ्याला द्यावी लागेल. ती द्यायला लावा. आणि बाराव्या प्रकरणात गाळ पसरून झाल्यावर तो निकाल फिरवायचा मोह होईल, सगळ्या पेठेने रंगाला खांद्यावर घ्यायचा मोह होईल. निकाल फिरवू नका. तालमीच्या भिंतीवर जिथे कुस्त्यांची नोंद होते, तिथे ती कुस्ती गाळ्याच्याच नावावर राहू द्या. माझ्या अंदाजाने तुमच्या मित्रांना मग भाल्याची आठवणही येणार नाही. ते त्या नोंदीवरून भांडत बसतील.